शाळेचा वार्षिक उत्सव : मानकरी कोण?

माघ सरत आला की बडोद्यातील शाळांच्या वार्षिकोत्सवांची निमंत्रणे घरोघर येऊ लागतात. आणि पुढे उन्हाळ्याच्या तोंडाशी निकाल लागले की त्यांच्यामागोमाग शाळेच्या वर्षभराच्या वार्तांचे रंगीत पत्रक येते. हे दोन्ही प्रकारचे कागद आम्ही गेली काही वर्षे जपून ठेवीत आलो आहोत. परवा ते सारे एकत्र मांडून पाहिले आणि जे मनात आले ते येथे स्पष्टपणे लिहीत आहोत. त्यात कोणाचा रोष ओढवला तर तो आम्ही पत्करतो. कारण ज्यांच्याविषयी लिहावयाचे आहे त्यांत आम्ही स्वतःही येतो.

आमच्यासमोर एका प्राथमिक शाळेची निमंत्रणपत्रिका आहे. शाळेचे नाव आम्ही घेत नाही. दोष तिचा एकटीचा नव्हे, आणि तिचे नाव घेतले तर बाकीच्या शाळा सुटकेचा निःश्वास टाकतील. या पत्रिकेत अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष अतिथी, सन्माननीय उपस्थिती आणि स्वागतोत्सुक अशा पाच पायऱ्यांवर मिळून चौदा नावे छापली आहेत. त्यांत एकही नाव मुलाचे नाही. ज्यांच्यासाठी शाळा उभी राहिली, त्यांची बोळवण अखेरच्या ओळीत 'विद्यार्थ्यांचे विविध गुणदर्शन' या तीन शब्दांत केली आहे. आपण देवळातली माणसे आहोत. उत्सवात मान कोणाचा, पालखीचा खांदा कोणाचा, दिवटी कोणाच्या हाती, या गोष्टींवरून आपल्या पूर्वजांनी कज्जे चालविले आहेत. परंतु मानकऱ्यांचा वाद कितीही पेटला तरी देव मखरातच असतो. त्याला कोणी मांडवाबाहेर ताटकळत ठेवीत नाही. शाळेच्या उत्सवात नेमके तेच घडते.

पत्रिकेवर वेळ पाचची होती. मुले तीन वाजल्यापासून चेहरे रंगवून, भाड्याचे जरीचे कपडे अंगावर घालून, मांडवामागच्या बोळात उभी होती. पाहुणे सव्वासहाला आले. त्यानंतर दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, शाली, स्मृतिचिन्हे आणि सात भाषणे झाली. सातही भाषणांत 'आजची बालके उद्याचे नागरिक' हे वाक्य आले. उद्याच्या नागरिकांपैकी एकजण तोवर आईच्या शोधात रडू लागला होता, त्याला एका शिक्षिकेने आत नेले. मग ध्वनिक्षेपकावर चित्रपटातील गाणी वाजू लागली आणि सात-आठ वर्षांच्या मुली त्या गाण्यांतील थोर वयाच्या नायिकांचे हावभाव करू लागल्या. गाणारा आवाज यंत्राचा, हावभाव भाड्याने आणलेल्या नृत्यशिक्षकाचे, कपडे भांडारातले. मुलांचे स्वतःचे असे त्यांत काय होते, ते आम्ही शेवटपर्यंत शोधीत राहिलो. मध्येच एक 'महाराष्ट्रीय' प्रवेश झाला : नऊवारी, फेटे आणि चार मिनिटांची लेझीम. टाळ्या कडाडल्या. सूत्रसंचालन सर्व इंग्रजीत चालले होते. आमच्या मागच्या रांगेत एक वृद्ध बाई बसल्या होत्या. मंगेशी हे त्यांचे कुलदैवत, आणि साठ वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या या गावी आल्या. नात रंगमंचावर होती. कार्यक्रम आटोपल्यावर सुनेने विचारले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "म्हाका कांयच कळ्ळें ना, बाय." सून हसली. आम्हांस हसू आले नाही.

कोणी म्हणेल, मुलांच्या आनंदावर हा कसला आक्षेप? आनंदावर आमचा आक्षेप नाही. हे गाव आनंदाला मुकलेले नाही. नवरात्रात बडोद्याचा गरबा पाहावयास लोक दूरदूरहून येतात, आणि त्यात पाच वर्षांचे पोरही मोठ्यांच्या वर्तुळात शिरून ताल धरते. त्याला कोणी शिकवणी लावलेली नसते. ते आजीचा, आईचा, शेजारणीचा हात पाहून शिकते, चुकते आणि पुन्हा धरते. देवउठी एकादशीला मांडवीजवळच्या विठ्ठल मंदिरातून वरघोडा निघतो, तेव्हा मिरवणुकीत धावणाऱ्या मुलांना टाळ्यांची गरज भासत नाही. असा आनंद शाळेच्या मांडवात दिसता तर आम्ही लेखणी उचललीच नसती.

दुसरा आक्षेप अधिक भारदस्त आहे : अशा कार्यक्रमांनी मुलांची भीड चेपते, सभाधीटपणा येतो. या युक्तिवादाचे उत्तर याच गुजरातच्या भूमीवर शंभर वर्षांपूर्वी दिले गेले आहे. भावनगरास गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील शिक्षक पाहुण्यांपुढे दाखविण्यासाठी मुलांकडून घोकून घेतलेल्या कार्यक्रमांना विरोध करतो आणि मुलांनी आपल्या मनाने केलेली नाटुकली पुढे आणतो. गिजुभाईंच्या शेजारी उभे राहून हे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आपल्यापैकीच. भावनगरास शिकलेले त्यांनी पुढे महाराष्ट्रात नेले, बोर्डीस आणि कोसबाडास आदिवासी मुलांच्या अंगणात रुजविले. मुलाची भीड चेपावयाची असेल तर त्याला त्याचे स्वतःचे काही बोलावयास द्यावे लागते. दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलविण्याने जो धीटपणा येतो, तो फार तर बाहुलीचा धीटपणा होय. बाहुली कधी बुजत नाही, हे आम्हांस मान्य आहे.

आता ते दुसरे पत्रक, वर्षअखेरच्या वार्तांचे. त्याच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत निकाल शंभर टक्के असतो. ज्या इयत्तांत कोणालाच मागे ठेवीत नाहीत, त्या इयत्तांचा निकाल नव्याण्णव टक्के तरी कसा लागावा? दुसऱ्या पानावर पाहुण्यांची छायाचित्रे, तिसऱ्यावर सहलीची, चौथ्यावर देणगीदारांची यादी. वर्षभरात कोणत्या मुलाने कोणते पुस्तक वाचले, याचा एक शब्दही नाही. शाळेच्या ग्रंथालयातून किती पुस्तके घरी गेली, याचाही नाही. चौथीतील किती मुले अनोळखी मजकुराचे एक पान न अडखळता वाचतात, हे सांगावयास तर कोणी धजतच नाही. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आकडा, जूनमध्ये मराठी पहिलीत किती मुलांनी नाव घातले, तो आम्हांस एकाही पत्रकात आढळला नाही. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळांचा पट रोडावत चालला आहे, हे बडोद्यात राहणाऱ्या कोणास नव्याने सांगावयाचे? तरीही जो आकडा खाली येतो तो छापावयाचा नाही, असा अलिखित संकेतच पडून गेला आहे.

हे अन्यत्र घडते तर आम्ही 'काळाचा महिमा' म्हणून सोडून दिले असते. परंतु हे बडोदे आहे. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक म्हणून या नगरीत आणला गेला, तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. त्याच्यासाठी राजवाड्यात शाळा भरली. इलियट नावाच्या गृहस्थांनी त्याचे शिक्षण पाहिले. मराठी आणि गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचा अभ्यास त्याने केला. उशिरा हाती पडलेल्या पाटीचे मोल जन्मभर न विसरलेला तो मुलगा म्हणजे महाराज सयाजीराव. १८९३ मध्ये त्यांनी अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, आणि १९०६ मध्ये कायदा करून तो साऱ्या राज्यास लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्याची बाजू लढविताना दाखला द्यावयास त्यांच्यापाशी बडोदे होते. ब्रिटिश सरकारने पुढल्याच वर्षी ते विधेयक धुडकावले. बडोद्याच्या खेड्यांतील मुले मात्र शाळेत जात राहिली.

शाळेत शिकलेले अक्षर पुसले जाऊ नये म्हणून महाराजांनी ग्रंथालये काढली. १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञास बोलावून त्यांनी राज्यभर वाचनालयांचे जाळे विणविले. पुस्तकांच्या पेट्या भरून खेडोपाडी फिरती ग्रंथालये धाडली. मोठ्यांसाठी सयाजी साहित्यमाला आणि लहानांसाठी सयाजी बालज्ञानमाला, या दोन्ही मराठीत व गुजरातीत निघाल्या. १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा 'सयाजी शासन शब्द कल्पतरु' हा कोश आठ भाषांत सिद्ध झाला. ज्या गावात कारकुनाच्या टेबलावरच्या शब्दासाठी एवढा खटाटोप झाला, त्या गावातील प्राथमिक शाळा वर्षाच्या शेवटी मुलांनी वाचलेल्या पुस्तकांची साधी यादीही देऊ शकत नाही!

येथे एक सबब हमखास पुढे येते, तिचा समाचार घेणे प्राप्त आहे. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात वेगळे झाले. आता हे गुजरातीचे राज्य, येथे मराठीचे काय चालणार, असे सुस्कारे आपल्या बैठकांत ऐकू येतात. हे सुस्कारे आम्हांस मुळीच पटत नाहीत. २०२३ च्या कायद्याने गुजरातेतील सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती शिकविणे सक्तीचे झाले, हे योग्यच झाले. ज्या मातीचे अन्न खावयाचे तिची भाषा आपल्या मुलांस यावयासच हवी. त्यामुळे मराठी वर्ग ओस पडतो, हा मात्र कांगावा आहे. अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी, असे घटनेच्या ३५०-अ या कलमात १९५६ पासून लिहिलेले आहे. राज्याने वर्ग बंद केल्याच्या तक्रारी करण्याआधी त्या वर्गातून आपली मुले कोणी काढून नेली, हे आपण आरशापुढे उभे राहून विचारले पाहिजे.

गुजराती आणि मराठी एका घरात सुखाने नांदू शकतात याचा पुरावा हवा असेल तर काका कालेलकरांकडे पाहावे. कालेली हे सावंतवाडीकडील गाव, त्यावरून आलेले आडनाव, जन्म साताऱ्याचा, मातृभाषा मराठी. असे हे सारस्वत गृहस्थ ऐन तारुण्यात बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिकवावयास आले. त्या शाळेत गुरुजनांना नात्याने हाक मारण्याची रीत होती. कोणी काका, कोणी मामा, कोणी अण्णा. दत्तात्रेय बाळकृष्णांचे 'काका' तेथे झाले आणि तीच हाक पुढे साऱ्या देशाने उचलली. पुढे गुजरातीत त्यांनी असे लिहिले की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटले, आणि १९६५ मध्ये साहित्य अकादमीचे पारितोषिक त्यांच्या 'जीवनव्यवस्था' या गुजराती ग्रंथास मिळाले. पायाखाली स्वतःची भाषा भक्कम असलेला मनुष्य दुसऱ्याच्या भाषेत असा घर बांधू शकतो. आमच्या आजच्या मुलांस ना काकांची मराठी येते ना काकांची गुजराती. आणि ज्या इंग्रजीसाठी दोन्हींवर पाणी सोडले, तीही त्यांना पाठ केलेल्या निवेदनापुरतीच येते, हे त्या मांडवात आम्ही कानांनी ऐकले. (शिक्षिकेला 'मिस' म्हणावयाचे, मावशी म्हटले तर दटावणी! गंगनाथ विद्यालयापासून आपण किती दूर आलो, ते एवढ्यावरूनही कळावे.)

आता आपल्या देवस्थानी समाजाविषयी. १६८४ मध्ये पोर्तुगीज राजवटीने गोमंतकात कोंकणीवर बंदीचा हुकूम काढला. देव पाठीवर घेऊन आपले पूर्वज नद्या ओलांडून गेले, आणि अंत्रूज महालातील देवळांच्या आवारात कीर्तने, पुराणे, आरत्या चालू राहिल्या. घरात कोंकणी आणि देवळात मराठी, अशी दोन्ही भाषांची राखण त्या सभामंडपांनी केली. पणजीस १९०८ मध्ये मुष्टिफंड संस्था स्थापन झाली. तिचे नावच तिचा इतिहास सांगते. घरोघरी दररोज मूठभर तांदूळ बाजूला काढावयाचे आणि त्या मुठी-मुठीतून मुलांचे शिक्षण चालवावयाचे. ज्या बायांनी ती मूठ काढली त्यांच्या कोठारात काही धान्याच्या राशी पडल्या नव्हत्या. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी आज काय चालविले आहे? कोंकणीला १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले तेव्हा आपण पेढे वाटले. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा पुन्हा पेढे वाटले. फेब्रुवारी २०१८ मध्ये याच नगरीत ९१वे मराठी साहित्य संमेलन भरले. १९०९, १९२१ आणि १९३४ ची संमेलनेही येथेच भरली होती, याचा अभिमान आपण प्रत्येक व्यासपीठावरून सांगितला. आणि दरवर्षी जूनमध्ये आपल्या मुलाचा हात धरून आपण ज्या दारात उभे राहिलो, ते दार ना मराठीचे होते ना कोंकणीचे. गोव्याच्या आपल्या बांधवांसही आम्ही यातून वगळीत नाही. १९९० पासून तेथे सरकारी अनुदान कोंकणी व मराठी प्राथमिक शाळांनाच होते. २०११ मध्ये ते इंग्रजी शाळांस द्यावयाचे ठरले तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. उतरले ते योग्यच केले. परंतु घोषणा देणाऱ्यांपैकी कितीजणांची नातवंडे त्या क्षणी कोणत्या शाळेत बसली होती, हा प्रश्न तेव्हाही कोणी विचारला नाही.

देवळाच्या खर्चाविषयी लिहिताना आमचा हात किंचित थरथरतो, तरी लिहितो. गाभाऱ्याच्या चौकटीस चांदी मढविणे हे पुण्यकर्म आहे, महाप्रसादही आहे. परंतु आपल्या देवळांच्या देणगीफलकांवर आम्ही फिरून पाहिले. वाचनासाठी, पाटीसाठी, एखाद्या मराठी शाळेच्या छपरासाठी दिलेली देणगी आम्हांस दिसली नाही. शाळेच्या उत्सवात शाल पांघरून घ्यावयास मात्र आपल्यातले विश्वस्त उत्साहाने जातात. त्यांतील एका ज्येष्ठ गृहस्थांस आम्ही हे तोंडावर बोलून दाखविले. ते म्हणाले, "मी न गेल्यास दुसरा कोणी जाईल." बरोबर आहे, मग दुसऱ्यास जाऊ द्यावे, आणि आपण त्या संध्याकाळी घरी नातवास शेजारी घेऊन एक पान वाचवून घ्यावे.

मग उत्सव करावयाचा तरी कसा, असे विचारणाऱ्यांस आमचे उत्तर साधे आहे. तो सकाळी करावा, शाळेच्याच पटांगणात करावा. म्हणजे दिव्यांचा, मांडवाचा आणि ध्वनिक्षेपकाचा अर्धा खर्च आपोआप गळून पडतो. पत्रिकेवर मुलांची नावे छापावीत. एका वर्गात तीस मुले असतील तर तीस नावे. पाहुणा बोलवावयाचाच असेल तर एक बोलवावा, त्याने मुलांच्या आधी येऊन बसावे आणि भाषण करू नये. गाणे असेल तर मुलांनी स्वतःच्या गळ्याने म्हणावे, बेसूर झाले तरी चालेल. आपल्या घरच्या आरतीत तरी कोण सुरात असतो? नाटुकले असेल तर त्याची भाषा आजीला कळावी : मराठी, कोंकणी, गुजराती, ज्या घरची जी असेल ती. बक्षिसे द्यावयाची तर पुस्तके द्यावीत. पितळी चषकांनी आमच्या घरांतील कपाटे भरली आहेत आणि त्यांतला एकही कोणी पुन्हा उघडून वाचलेला नाही. आणि वर्षाच्या पत्रकात पहिल्या पानावर तीन आकडे छापावेत : पहिलीत किती आली, वर्षभरात किती पुस्तके घरी गेली, किती मुले न अडखळता वाचतात. आकडे लाजिरवाणे असतील तर लाजिरवाणे छापावेत. रोग लपविणाऱ्यास वैद्य काय देणार?

शाळा हे करणार नाहीत, असे आम्हांस पुष्कळांनी बजावले. देणगीदार रागावतील, पालकांस झगमगाट हवा असतो. असेल. पालकांस काय हवे ते पालक ठरवितात, आणि पालक म्हणजे दर गुरुवारी, दर एकादशीला आपल्याच देवळाच्या पायरीवर भेटणारी माणसे. म्हणून आम्ही शाळांच्या दारी अर्ज घेऊन जाण्यापूर्वी आपल्या देवस्थानाच्या कार्यालयात गेलो. निकालानंतरच्या एका रविवारी सभागृह सकाळी तीन तास मुलांना द्यावे, कोणत्याही शाळेचे मूल चालेल, त्याने आपल्या आवडीचे एक पान आपल्या भाषेत मोठ्याने वाचावे, ऐकावयास घरच्या आज्या-आजोबांनी यावे, एवढीच आमची मागणी. व्यवस्थापकांनी आरक्षणाची वही उघडली. मे महिन्याच्या चारही रविवारी लग्ने आणि मुंजी होत्या. भाड्याविषयीही त्यांनी विचारले. आम्ही नियमाप्रमाणे भाडे भरू म्हणालो. शेवटी जूनचा पहिला रविवार मोकळा सापडला, शाळा उघडण्याच्या आधीचा. त्या पानावर त्यांनी 'मुलांचे वाचन, सकाळी ९ ते १२' असे लिहून घेतले आणि पुढे विचारले, "प्रमुख पाहुणे कोण?" आम्ही ती जागा कोरी सोडावयास सांगितली आहे.